कंसातला ‘धिस’

परभणी, मंगळवार, संध्याकाळ

आज लय शिसारी आली. गंगाखेडहून रोज कॉलेजला येणाऱ्या अस्मितानं ‘जावा’ या कॉम्प्युटर भाषेच्या पेपरात मेथड नावाच्या आज्ञांच्या गटापुढच्या कंसात आधी ‘धिस’ लिहिला. विभागप्रमुख सरांनी लाल रेघ मारून शून्य दिलं. मी स्टाफरूममध्येच तिचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. एकही चूक न दाखवता निमूट चालला.

तो प्रकार मलाही घाणेरडाच वाटतो. कंसात नाव लिहायचं, पण मेथड बोलावताना त्या जागी काहीच पाठवायचं नाही. पंगतीत पान मांडायचं आणि वाढायचंच नाही. पण म्हणून ती चूक? कशी?

सर म्हणाले, “चालत असंल मॅडम. आपल्या नोट्समध्ये न्हाई.” नोट्स त्यांच्याच. बाकीचे चहात बिस्कीट बुडवत राहिले.

दारात उभी अस्मिता म्हणाली, “राहू द्या मॅडम. फुडच्या टायमाला नोट्समधलंच लिहिते.”  एवढंच शिकली ती आमच्याकडून.

आणि मी काय केलं? ‘बरं’ म्हणाले. विभागाच्या पाटीवर माझंही नाव आहे. त्या कंसातल्या ‘धिस’सारखं.