सासूबाईंचे गुडघे

१२ मे

निघालो एकदाचे! सातला निघायचं होतं, पावणेदहा वाजले. कारण नेहमीचंच— कवळी. नवरा दातांच्या कवळ्या करतो. दर उन्हाळ्यात सासूबाईंसाठी एक नवी घडवतो आणि सुट्टीभर वाटेतल्या खानावळींतून ती तपासत फिरतो. लोक सहलीला जातात, आम्ही चाचणीला! ऐन निघताना खालचा दात टोचतोय म्हणून हा घासत बसला. सासूबाई तोंड उघडून खुर्चीत, मी बॅगांवर, आणि आमची लेक— वय अठरा, नाव ठेवलंय मिरची आणि ते शोभतंही— म्हणते, "आजी, हस की जरा, फोटो काढते."

यंदा मात्र तो बारमाही धबधबा. लिहूनच ठेवते. अकरा वर्षं त्या फाट्यापर्यंत जातोय आणि अकरा वर्षं तसेच पुढे जातोय. बारा महिने मी तरणतलावाच्या तिकीटखिडकीत बसते. निळं, चौकोनी, औषधाचा वास मारणारं पाणी बघते. एकदा मला धो धो पडणारं पाणी बघायचंय. फार मागत नाहीये. ऑगस्टमध्ये मिरची शिकायला दूर जाईल, मग कुठली आली चौघांची सहल!

१३ मे

तळं— पंचवीस मिनिटं. तळ्याकाठची खानावळ— दोन तास दहा मिनिटं. पाव कडकच हवा. मका सोललेला नको, कणसावरचाच हवा. सफरचंद कापू नका. वाढणारा बिचारा भांबावून गेला. "आई, डावीकडून चाव. आता उजवीकडून. टोचतंय?" शेजारच्या टेबलावरची माणसं स्वतःचं जेवण सोडून आमच्याकडे बघत होती. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

तळ्यात नाव होती. आम्ही आग्रह केला म्हणून नवरा चढला आणि नाव जराशी डुलली तर दोन्ही हातांनी काठ धरून असा काही बसला, की मी आणि मिरची हसून हसून बेजार. संध्याकाळी जेवताना मी त्याची हुबेहूब नक्कल केली. खानावळीच्या मालकीणबाईंनाही करून दाखवली, त्याही लोटपोट. हा उठून गाडी पुसायला गेला. एवढीशी गंमत सहन होत नाही माणसाला!

१४ मे

दगडी कमानी गाडीच्या काचेतून बघितल्या. का? तर पुढची खानावळ बाराला भरते. "बघितल्यास ना?" हो. बघितल्या. डोळे आहेत मला.

१५ मे

उद्या फाटा येणार, म्हणून आज नाश्त्यालाच विषय काढला. उत्तर पाठ आहे मला. "आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही." तिथे झुलता पूल आहे, तो ओलांडला की वळणावर धबधबा. पुलाशिवाय दिसतच नाही. नवऱ्यानं वाक्य पुरं करायच्या आत सासूबाईंचा हात गुडघ्यावर! कळ दाबल्यासारखा! घरी तीन मजले चढतात, हातात भाजीची पिशवी असते, तेव्हा कुठे जातात हे गुडघे?

मी म्हटलं, त्या बसतील फाट्यावरच्या खानावळीत, आपण तिघं जाऊन येऊ. "आणि आईला एकटं टाकायचं?" झालं. बोलणं संपलं. सासूबाई बशीतला चहा फुंकत राहिल्या.

या बाईला माझा आनंद बघवत नाही. अकरा वर्षं मनात होतं, आज लिहून टाकलं. जरा बरं वाटलं.

१६ मे

फाट्यावर नवी पाटी. जूनअखेर पूल पाडणार, पलीकडे जायला दुसरी वाट नाही. मी गाडी थांबवायला लावली. पाटी मोठ्यानं वाचली. दोनदा. नवरा समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "जेवून ठरवू."

जेवून काहीही ठरलं नाही. मटणाचा तुकडा चावला गेला, दात हलला नाही, हा खूश! मग माझा तोल गेला. भर खानावळीत ओरडले मी, "तुझ्या आईचे गुडघे घेऊन बस! मी उद्या सकाळी एकटी जाते!" मिरचीनं कानांत हेडफोन खुपसले. शेवटी खानावळीच्या माडीवरच खोल्या घेतल्या. नवरा माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. न बोलू दे. मीही दगड होऊ शकते.

१७ मे, सकाळ

खडकावर बसून लिहितेय. तुषार उडतायत, वही भिजतेय. भिजू दे.

साडेपाचला मिरचीला हलवून बघितलं— ओंडका. एकटीच जिना उतरत होते तर मागे पावलं. सासूबाई! बूटबीट घालून तयार. "चल, मीही येते." मी म्हटलं, "आई, गुडघे—" "चल गं आधी."

वीस मिनिटांची चढण. मला धाप लागली, त्यांना नाही. पुलावर माझ्या पुढे! दोर धरून, फळीमागून फळी, झपाझप. मधोमध थांबल्या, कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. "हसताना पडली तर गेलीच. दोन आठवडे खपलाय तो तिच्यासाठी." आणि खरंच हसायला लागल्या, बोळक्यानं, खाली पाणी घुसळत असताना.

पलीकडे पोचल्यावर मी अंगावरच गेले त्यांच्या. काय चाललं होतं मग इतकी वर्षं?

खडकावर बसल्या. शांतपणे सांगितलं. "हा सात वर्षांचा होता. आमच्याकडे ओढ्यावर असाच पूल. मध्यावर गेला आणि बसला खाली. पुढे ना मागे. तासभर. ह्याच्या बाबांनी पाठुंगळी आणला. अख्खी आळी हसली. बाबा तर जाईपर्यंत हसत होते— पाहुणे आले की आधी तीच गोष्ट. पहिल्या वर्षी त्या फाट्यावर ह्याचा चेहरा बघितला मी. म्हटलं, माझे गुडघे दुखतायत."

"मला सांगायचंत ना!"

"तू हसली असतीस गं."

टोमणा नव्हता तो. साधं सांगितलं त्यांनी, आणि पाण्याकडे बघत राहिल्या.

मी हसले असते. नक्कल केली असती. मालकीणबाईंना करून दाखवली असती. आत्ता तेरा तारखेचं पान उलटून वाचलं. मग पंधराचंही. शाई पसरलीय, पण अजून वाचता येतंय. लाज वाटतेय मला.

राग गेलाय असं नाही. अकरा वर्षं म्हणजे काय थोडी झाली! मला विश्वासात घ्यायला काय हरकत होती? फक्त आता तो कुणावर काढायचा, ते कळत नाहीये.

धबधब्याचं लिहायचं राहिलंच. मोठा आहे. खूप मोठा. सासूबाई हाक मारतायत, उठते.

१७ मे, दुपार

परतलो तेव्हा नवरा खानावळीच्या पायरीवर उभा. मागे मिरची, डोळे चोळत. सासूबाई आत गेल्या.

"दिसला का?"

"नाही. पुलापासूनच मागे फिरलो. गुडघे दुखायला लागले."

"आईचे?"

"माझे."

मिरची फिसकन हसली— "घ्या, आता आईचेही!" तो हसला नाही. माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं, ते बघत राहिला. मग आत गेला आणि टॉवेल घेऊन आला.