पोलिसाची आई, दुसरा मजला

४ मार्च
घर मिळालं! म्हणजे लेकीला मिळालं. पोलिसांनी ड्यूटीच्याच वस्तीत राहायचं कबूल केलं, तर अर्ध्या किमतीत घर — अशी योजना. अट एकच, पाच वर्षं तिथेच राहायचं. आधी सोडलं तर घर परत. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच, दोन खोल्या पुष्कळ. आणि स्वयंपाकघराला खिडकी! जन्मभर भिंतीकडे बघत कांदे चिरले मी.

९ मार्च
सामान लावलं. जिन्यात बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या. लेक वर्दीत जिना चढली आणि सगळ्या चिडीचूप. वर्गात मास्तर शिरल्यासारखं.
तळमजल्यावर कुलपांचं दुकान, मालक मागच्याच खोलीत राहतात. विधुर, एकटेच, चष्मा कायम कपाळावर. जादा किल्ली करून द्या म्हटलं, तर म्हणाले, "पोलिसांच्या घरची किल्ली मी करत नाही. उद्या काही गेलं, तर पहिला मलाच धरतील." मला हसूच आलं.

१० मार्च
आज राग आला. उशिरा आला, पण आला.

२१ मार्च
लेक जेवेना. "आई, दिवसभर यांची भांडणं सोडवते, आणि घरी आले की कुणी मान वर करून बघत नाही. परत करूया घर."
"तू कर. मी नाही हलणार," म्हटलं. हसली. मग दोन घास गेले पोटात.
ती दिवसभर बाहेर. खरी राहणारी मीच! उद्यापासून दार सताड उघडं ठेवणार.

२६ मार्च
दारात खुर्ची टाकून भाजी निवडते. आज वरच्या मजल्यावरची शिंपीण थांबली. "मावशी, पोलीस घरातपण ओरडतात का हो?"
"छे! घरात मी ओरडते."
बसली की पठ्ठी चांगली तासभर!

२ एप्रिल
काय दिवस! शिंपीण कचरा टाकायला बाहेर आली आणि आतल्या पोरीने लॅच लावलं. तीन वर्षांची पोर, गॅसवर दूध! शिंपिणीचा आरडाओरडा ऐकून लेक धावली. सुट्टीचा दिवस, अंगात गाऊन, केस ओले. दारावर लाथ घालणार, तेवढ्यात कुलूपवाले पेटी घेऊन धापा टाकत वर. "थांबा! पोर दारामागेच असेल!"
तिने पाय खाली घेतला. "काका, तुम्ही सांगाल तसं."
मग हे खाली बसून तारा घालून खटपट करतायत, आणि आमची फौजदारीण दाराला तोंड लावून गाणं म्हणतेय. इतकं बेसूर! पण पोर आतून खिदळत होती, रडली नाही. दार उघडलं तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता. घरभर वास. लेकीने आधी गॅस बंद केला, मग खिडक्या उघडल्या.
कुलूपवाले हळूच म्हणाले, "पोलीस आपलं ऐकतात, हे ठाऊक नव्हतं."
सगळी मंडळी आमच्याकडे चहाला. कप पुरेनात, कुणी वाटीतून प्यायलं. जाताना कुलूपवाल्यांनी आमची किल्ली मागून नेली, संध्याकाळी जादा किल्ली घरपोच.

१८ मे
लेकीला आता घरी यायला अर्धा तास जास्त लागतो. जिन्यातच अडवतात. "ताई, जरा ऐका ना!" कुरकुरते, पण चेहरा फुललेला असतो.

३० जून
कुलूपवाले बिजागरीला तेल घालायला आले. परवाही आले होते. बिजागरी अजिबात कुरकुरत नाही.

७ सप्टेंबर
त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं! या वयात! लेकीने आधी वर्दीची टोपी चढवली. मग म्हणाली, "आई, चौकशी करू का त्यांची?" मग गळ्यात पडून रडली. "तू खाली गेलीस की मी इथे एकटी?"
"एकटी कुठली! अख्खी इमारत आहे की तुला."