लाल गोल, निळ्या फुल्या

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपारचे साडेतीन

चिरंजीव धाकटे बंधुराज, घटिकायंत्रवैद्य, चर्मवाद्यमर्दन इत्यादी बिरुदे धारण करणारे, यांस ज्येष्ठाचे साष्टांग आशीर्वाद.

आशीर्वाद साष्टांग देता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. शब्द खोडणार होतो. मग राहू दिला.

येथे सर्व यथास्थित. तुझ्या वहिनीची प्रकृती उत्तम असून माझ्याशी तिचा संवाद सध्या स्वयंपाकघरातील फळ्यावर खडूने चालतो. त्यात ‘दूध आणा’ यापलीकडे साहित्यगुण आढळत नाहीत. दवाखान्यात मी पूर्ववत त्याच काचेच्या पेटीसमोर बसून प्रजेच्या मस्तकी कर्णटोप चढवतो आणि ‘आवाज आला की बटण दाबा’ हा मंत्र म्हणतो. चोवीस वर्षांच्या जपाने अद्याप कोणतीही सिद्धी प्राप्त झालेली नाही. तू जिच्याकडे राहायला गेला आहेस त्या ताईला माझा नमस्कार सांग. तुझ्याशी भांडण्यासाठी तिला आता लिहावे लागते, तेव्हा तिचे हस्ताक्षर सुधारले असेल, अशी आशा आहे.

तुझे पत्र पोचून सतरा दिवस झाले. त्यातील प्रश्न अवघ्या दोन ओळींचा होता. ‘इथले डॉक्टर विचारतात, हे नेमकं कधीपासून. दादा, चार वर्षांपूर्वी तू तपासलं होतंस तो कागद असेल तर पाठव, त्यात सगळं ठीकच होतं, पण तरी.’

दोन ओळींच्या प्रश्नाला पूर्वपीठिकेवाचून उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. पूर्वपीठिकेचा मला नेहमीच आधार वाटत आला आहे.

तर, सहा वर्षांपूर्वी आपण माझ्या दवाखान्यात प्रविष्ट होऊन, प्रतीक्षा करणाऱ्या तीन वृद्धांसमक्ष, घोषणा केलीत, “दादा, बॅण्ड काढतोय. तुला बेस गिटार शिकावी लागेल.”

“मी? त्रेचाळिसाव्या वर्षी?”

“दुसरं कोणी यायला तयार नाही.”

एवढ्या निरलंकृत शब्दांत आजवर कोणी माझी निवड केली नव्हती. मी तात्काळ होकार दिला. घड्याळे दुरुस्त करणारा माणूस ड्रमवर बसणार, म्हणजे काळाची सूत्रे योग्य हाती आहेत, असेही मला वाटले. गिटारीसाठी तुझ्या दुकानासमोरचा वेल्डर मिळाला. सूर आणि ठिणगी यांतला भेद त्या गृहस्थास तत्त्वतःच अमान्य होता. गायिका मात्र मिळेना. अखेर शाळेची बस चालवणारी ती बाई आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “मी गाते वगैरे नाही हां. मी फक्त मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलते.” वेल्डर म्हणाला, “मग झालं की.”

नामकरणसमयी मी ‘प्रलयकालीन मेघगर्जना’ हा प्रस्ताव मांडला होता. “एवढं रंगवून होईपर्यंत कार्यक्रम संपेल,” असे वेल्डर वदला आणि त्याने भिंतीवर खडूने ‘घण’ अशी दोन अक्षरे लिहून सभा बरखास्त केली.

ती भिंत म्हणजे गादी कारखान्याची मागची खोली. रविवारी दुपारी कारखाना बंद. छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या, हवेत तरंगणारा कापूस, आणि मधोमध आपण चौघे, दर अर्ध्या तासाने शिंकणारे. पहिले वर्षभर आपण दुसऱ्यांसारखे वाजत होतो, आणि तेही वाईट. कोणत्याही कंपनीच्या दारी जायचे नाही, जे करायचे ते स्वतःच, असा आपला बाणा होता. अर्थात कोणत्याही कंपनीने आपल्यासाठी दार उघडे ठेवले होते, असे नव्हे.

मग त्या थाळ्या.

तुला आठवते का, दुसऱ्या वर्षी तू ड्रमवरच्या त्या पितळी थाळ्या, म्हणजे झांजा, अधिकाधिक जोराने बडवू लागलास? बसवाली दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडली होती, “अहो, फोडाल त्या!” आणि तू प्रामाणिक आश्चर्याने म्हणालास, “वाजतच नाहीयेत हो. या गाद्या सगळं पितात.” आम्ही सर्वांनी गाद्यांकडे पाहिले. त्या दोषी दिसत होत्या. कापूस उंच स्वर शोषतो, हे शास्त्र मीच उठून विशद केले. दहा मिनिटे, पारिभाषिक संज्ञांसह. ते खोटे नव्हते. म्हणूनच इतके सोयीचे पडले.

पुढच्या रविवारी तू थाळ्या उतरवून खिळ्यांना टांगल्यास. “नाही तरी वाजत नाहीत, मग हव्यात कशाला?” काठीवर काठी आपटून चार मोजायचेही सोडलेस, टाचेने जमिनीवर मोजू लागलास. तुझ्या मोठ्या ढोलाशी मेळ बसावा म्हणून वेल्डरने तारा इतक्या सैल केल्या की त्या लोंबतात की काय, असे वाटे. आणि थाळ्यांचा कल्लोळ नाहीसा झाल्यावर बसवालीला ओरडण्याचे प्रयोजनच उरले नाही. ती खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखी गाऊ लागली. मागच्या सीटवरच्या पोरांना, बस थांबवून, एकेकाला नाव घेऊन काही सांगावे, तशी.

त्या दुपारी तसे पहिले गाणे पूर्ण झाले. तो आवाज कोणाचा नव्हता, आपला होता. कानात नव्हे, बरगड्यांच्या आत वाजत होता. वेल्डर म्हणाला, “हे कुणी केलं?” तू हसलास. मी इतकी वर्षे काय करत होतो, हा प्रश्न मला त्या दिवशी प्रथमच पडला. आणि हे आता कधीही हातचे जाऊ द्यायचे नाही, हे उत्तरही त्याच दिवशी ठरले. हे वाक्य लक्षात ठेव. समर्थन म्हणून ते लिहिलेले नाही.

पूर्वपीठिका येथे संपते. आणखी ताणण्याचा प्रयत्न मी आज सकाळपासून केला, जमले नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, “दादा, हल्ली सगळीच घड्याळं बंद पडून येतायत.” मी हसलो. तू हसला नाहीस. एका गिऱ्हाइकाने तुला दुकानात सुनावले होते, “अहो, चालू घड्याळ उघडून ठेवलंत!” तू ते कानाशी लावून पाहिले होतेस. नेहमीप्रमाणे.

शनिवारी दवाखाना सुटल्यावर मी तुला काचेच्या पेटीत बसवले. नियम असा की रुग्णाने तपासणाऱ्याकडे पाहू नये. मी तुला समोरासमोर बसवले. घरचा माणूस, म्हणून. मी यंत्राची कळ दाबत होतो, तू बटण दाबत होतास. सर्व सूर, खालचे, मधले, वरचे. उत्कृष्ट. मग मला दिसले की तुझे डोळे माझ्या उजव्या खांद्यावर आहेत. कळ दाबताना माझा खांदा किंचित हलतो. तू लबाडी केलीस, असे मी म्हणत नाही. पुष्कळ जण नकळत करतात, कारण माणसाला ऐकू यायला हवे असते. मी कोपर टेबलावर दाबून धरले आणि वरचे सूर पुन्हा दिले. चार वेळा. तू बटण दाबले नाहीस. तू माझ्या खांद्याकडे पाहत राहिलास आणि वाट पाहत राहिलास.

तसाच कोपर दाबून मी सगळी तपासणी पुन्हा केली. खरा आलेख तो. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेषा खालच्या सुरांपर्यंत नीट चालत येतात आणि पुढे कड्यावरून खाली पडतात. गोंगाटाने गेलेला कान असाच दिसतो. दिवसाला एक तरी असा आलेख मी काढतो आणि समोरच्याला सांगतो, गेलेले येत नाही, पण उरलेले राखता येते. आजपासून सांभाळा. हे वाक्य मला पाठ आहे.

तू पेटीतून बाहेर आलास. “काय निघालं?”

“श्रवण सर्वथा निर्दोष,” मी म्हणालो.

“मग घड्याळं?”

“घड्याळे नादुरुस्त असतील. तो तुझा विषय.”

तू केवढा हसलास. माझ्या पाठीवर थाप मारलीस. अकरा दिवसांनी आपले ध्वनिमुद्रण होते. ते होऊ दे, मग सांगू, असे मी ठरवले. आलेख सही न करता खणात ठेवला. ध्वनिमुद्रणानंतर पहिला कार्यक्रम आला. त्यानंतर दुसरा. मग ते मासिक. प्रत्येक वेळी मी एकच पुढचा टप्पा ठरवत होतो, चार वर्षे ठरवली नव्हती. पण ती चारच झाली.

तुझ्यासाठी लाकडी चौथरा मी बांधून घेतला. “रंगमंचीय भव्यता,” असे मी सर्वांना सांगितले. बेसचा स्पीकर मुद्दाम त्यावर, तुझ्या स्टुलाला टेकवून ठेवला, म्हणजे मी वाजवीन ते तुझ्या तळपायांना कळावे. वेल्डरला मी तारा आणखी सैल करायला लावल्या. “जडत्व वाढेल,” म्हणालो. बसवालीला सांगितले की शब्द उच्चारताना धाकट्याकडे तोंड कर, दृश्य परिणाम साधतो. त्या मासिकवाल्याने लिहिले की झांजांचा त्याग हे या पथकाचे धाडसी विधान आहे, आणि मुलाखतीत मी छाती ठोकून सांगितले, “आम्ही उच्च स्वरांचा संन्यास घेतला आहे.” तू शेजारी बसून माझ्या ओठांकडे पाहत होतास आणि योग्य जागी मान डोलावत होतास.

आपला आवाज आपल्याला सापडला, असे सगळे म्हणतात. तुझा कान जसजसा जात होता, तसतसा मी त्याच्या मापाचा आवाज शिवत होतो.

गेल्या जूनमधल्या त्या शेवटच्या कार्यक्रमात माझ्या स्पीकरची वायर सुटली. वेल्डर वाजवत होता, बसवाली गात होती, आणि तू थांबलास. चौथरा थरथरायचा थांबला, तेव्हा तुला गाणे संपले असे वाटले. लोकांना ती योजना वाटली, टाळ्या पडल्या. त्या टाळ्याही तुला ऐकू आल्या नाहीत. तू माझ्याकडे पाहिलेस. माझ्या खांद्याकडे पाहिलेस.

त्या दिवशी सर्वांना कळले. मला नवीन काही कळले नाही. बसवालीने मला विचारले, “तुम्ही तर कानाचेच आहात ना? तुमच्या लक्षात नाही आलं?” मी म्हणालो, “घरच्या माणसाकडे दुर्लक्ष होतं.” तिने ते मानले. माझ्याच डोळ्यांत पाणी आहे, हे पाहून तिने माझे सांत्वनही केले.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी तुझ्या वहिनीला खण दाखवला. तिने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, जणू मागे काहीतरी बरे लिहिलेले असेल. मग म्हणाली, “हा तुम्ही त्याला पाठवेपर्यंत माझ्याशी बोलू नका.” फळ्याची हकिकत ही अशी आहे.

आणखी एक राहिले. मघाशी मी ते गाळले. तू पाठीवर थाप मारलीस ना, त्यानंतर दारात थांबलास आणि विचारलेस, “वाजवताना कानात बोळे घालू का? काळजी म्हणून?” आदल्या रविवारी तू कापूस घालून एक गाणे वाजवून पाहिले होतेस. दबकत, चाचपडत वाजवले होतेस. आपला तो आवाज त्यात नव्हता. ते मला आठवले, आणि मी म्हणालो, “कशाला? हात बिघडेल.”

तू लिहिले आहेस की बोळे घातले नाहीत ही तुझीच चूक, डॉक्टरांनाही तू तसेच सांगितले आहेस. ते त्यांना पुन्हा सांगू नकोस. तू विचारले होतेस. मी नको म्हणालो होतो. त्या वेळी खालचे सूर शाबूत होते. राखले असते तर त्यातले किती राहिले असते, हे मला सांगता येणार नाही. तुझे कान मुळात हळवे असतील. पण हळवा कान जपायचा असतो, हे सांगण्यासाठीच मला नेमलेले आहे.

आलेख सोबत आहे. वरची तारीख चार वर्षांपूर्वीची, सही आजची. ती तशीच दिसावी म्हणून सहीखाली आजची तारीख घातली आहे. डॉक्टरांना दाखव. दुसरी प्रत उद्या सकाळी आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर असेल, या पत्रातल्या मजकुरासह. त्यानंतर त्या पेटीसमोर दुसरे कोणी बसेल, आणि ते योग्यच आहे.

वेल्डर आणि बसवाली आज दुपारीही गादी कारखान्यात गेले आहेत. तुझ्या वाद्यांवर त्यांनी एक गादी अंथरून ठेवली आहे. त्यांनी मलाही बोलावले होते. हे पत्र टाकून मी तिकडे जाईन आणि त्यांना सांगेन. सांगितल्यावर ते मला दारातही उभे करतील, असे वाटत नाही.

उत्तर देऊ नकोस, असे लिहिणार होतो. पण तेही मीच ठरवण्यासारखे होईल. ताईला हे पत्र वाचू दे. वाचल्यावर ती जे म्हणेल ते तिला मोठ्या अक्षरांत लिहून तुला दाखवू दे.

वर साष्टांग हा शब्द चुकून आला नव्हता. आशीर्वाद तेवढा खोडून वाच.

तुला तपासणारा,
दादा