'काही आढळले नाही' असे लिहिलेल्या सहाशे चौदा वर्द्या

प्रति,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी,
अग्निशमन व विमोचन सेवा, मुख्यालय.

विषय: नियंत्रण कक्षातील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीला शिकवलेल्या काही जुन्या नोंदी वगळण्याबाबत.

संदर्भ: अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज व त्यांना आलेले एकच उत्तर.

महोदय,

१. या गोष्टीची सुरुवात सन १९७४ मध्ये झाली. अर्जदार तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि आपल्या मध्यवर्ती केंद्रात टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिला दीड वर्ष झाले होते. नियंत्रण कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन काळे फोन, भिंतीवर रस्त्यांचा नकाशा, घंटेची कळ आणि वर्दीची जाडजूड नोंदवही. आगीची वर्दी आली की पत्ता लिहायचा, कळ दाबायची आणि बंब पोहोचेपर्यंत फोनवरच्या माणसाला धीर द्यायचा. अर्जदाराचे वाक्य ठरलेले होते: "घाबरू नका. मी फोन ठेवत नाही." पलीकडून दार वाजल्याचा आणि बुटांचा आवाज आला की मगच ती रिसीव्हर खाली ठेवी. निवृत्तीपर्यंत हा नेम मोडला नाही.

२. त्या काळी नियम असा होता की एकाच घरातून निष्काळजीपणाच्या तीन वर्द्या आल्या तर कार्यालयाने नातेवाइकांना नोटीस पाठवावी. नियम चांगल्या हेतूनेच केला असणार. पण एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने वर्षभरात तीनदा दूध करपवले आणि अर्जदाराने तिन्ही वेळा खरे ते लिहिले. नोटीस गेली. पुतण्या आला, शेगडी उचलून घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात त्याने बाईंना वृद्धाश्रमात पोचवले. तिथे त्या चार महिने टिकल्या. आमच्या केंद्राचे पथकप्रमुख साहेब अंत्ययात्रेला जाऊन आले, टोपी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "आपल्याला आग विझवायचा पगार मिळतो, माणसं विझवायचा नाही. यापुढे म्हाताऱ्यांच्या भांड्यांची नोंद नाही. कळलं?"

३. त्या दिवसापासून आमच्या केंद्रात रीत पडली. कुणा आजीची पातेली जळाली, कुणा आजोबांनी इस्त्री सदऱ्यावर ठेवून डुलकी काढली, तर बंब जाई, धूर बाहेर काढला जाई, भांडे घासूनसुद्धा दिले जाई. आणि नोंदवहीत अर्जदार लिही: 'तपासणीअंती काही आढळले नाही.' बंबाचा चालक, ज्याला सगळे भोंगा म्हणत, परत आल्यावर खिडकीतून ओरडे, "ताई, लिहा! काही आढळलं नाही, फक्त बटाट्यांचा कोळसा आढळला!" अर्जदाराच्या हाताखाली शिकणारी मुलगी, जिला आम्ही धाकटी म्हणत असू, हसून हसून बेजार होई आणि तेच लिही. कुणालाही वाटले नाही की आपण काही वावगे करतो आहोत. साहेबांनी सांगितलेली ही मोठी पुण्याईची गोष्ट होती. अर्जदार सन २००८ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा अशा नोंदी सहाशे चौदा होत्या.

४. आपणास विदित आहेच की तीन वर्षांपूर्वी आपल्या सेवेने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली घेतली. वर्दी तीच ऐकते, शंभरपैकी गुण देते आणि कोणता बंब आधी सोडायचा ते ठरवते. ती शहाणी व्हावी म्हणून तिला जुन्या नोंदवह्या व सन १९९३ नंतरच्या ध्वनिफिती शिकवण्यात आल्या. अर्जदाराने ही बातमी वाचली तेव्हा तिला आनंदच झाला होता. आपले आयुष्य कुणाच्या तरी उपयोगी पडले असे वाटले, हे नमूद करणे तिला आता जड जाते.

५. अर्जदार राहते त्या इमारतीच्या तळमजल्यावर घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. घड्याळजी दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत. वय ब्याऐंशी. मृदू, भिडस्त माणूस. समोरच्याने ठेवल्याखेरीज फोन ठेवणे त्यांना असभ्य वाटे. गेल्या वर्षी ९ मार्चला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी वर्दी दिली. ध्वनिफितीची प्रत अर्जदाराने रीतसर अर्ज करून मिळवली आहे. ते म्हणतात, "जरा धूर येतोय हो स्वयंपाकघरातून. फार नाही. तुम्हाला उगाच त्रास."

प्रणालीने या वर्दीला चार गुण दिले. कारण कागदावर स्वच्छ लिहिले आहे: म्हातारा आवाज, एकटा माणूस, करपल्याचा वास; याच इमारतीतून पूर्वी आलेल्या अशा तेवीस वर्द्यांपैकी तेवीसमध्ये काही आढळले नव्हते. त्या तेवीसही नोंदी अर्जदाराच्या हस्ताक्षरातील आहेत. घड्याळजींच्या आधी बंब वाहनतळातील एका मोटारीच्या वाजत राहिलेल्या कर्ण्यासाठी गेला, नंतर अडकलेल्या लिफ्टसाठी गेला. घड्याळजींकडे तो बावन्न मिनिटांनी पोहोचला.

६. ही बावन्न मिनिटे ध्वनिफितीत पूर्ण आहेत. अर्जदाराने ती एकदाच ऐकली. प्रणाली बाईच्या आवाजात, अगदी मायेने, त्यांच्याशी बोलत राहते. "घाबरू नका. मी फोन ठेवत नाही." दर काही मिनिटांनी हेच वाक्य येते. ते कुठून शिकले आहे हे अर्जदारास सांगण्याची गरज नाही. मध्येच ठेच लागल्यासारखी एक बारीक विरामाची लकब आहे, तीसुद्धा तिचीच. घड्याळजी खोकत आहेत, "हो, हो, थांबतो" म्हणत आहेत. दार सहा पावलांवर होते. ते उठले नाहीत, कारण फोनवरच्या बाईंनी फोन ठेवला नव्हता. एकोणचाळिसाव्या मिनिटानंतर फक्त बाईंचाच आवाज आहे.

७. चौकशी अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा आहे: 'प्रणालीने उपलब्ध नोंदींनुसार योग्य निर्णय घेतला.' महोदय, हे खरे आहे. प्रणाली खोटे बोललेली नाही. खोटे आम्ही लिहिले.

८. अर्जदाराने आणखी एक गोष्ट केली, ती गुन्हा आहे हे ठाऊक असून केली. गेल्या महिन्यात तिने आपल्या घरातून खोटी वर्दी दिली, घड्याळजींचेच शब्द वापरून. सत्तेचाळीस मिनिटे ती खिडकीशी बसून स्वतःच्याच जुन्या आवाजाकडून धीर घेत राहिली. बंब आला नाही. आठवड्याने खालच्या मजल्यावरील तरुण परिचारिकेने अर्जदाराच्या विनंतीवरून तेच शब्द, त्याच घरातून उच्चारले. बंब सहा मिनिटांत दारात. तरुण फायरमन चिडून म्हणाला, "आजी, हा काय खेळ आहे का?" अर्जदाराला त्याचा राग आला नाही. त्याला निदान राग तरी आला.

९. या इमारतीत आज सत्तरीपुढची अकरा माणसे एकटी राहतात. अर्जदार त्यांना म्हणते, फोन करू नका, जिन्यात येऊन ओरडा. ऐकणारे हसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "अगं, किती गोड बोलते ती फोनवर! तुझ्यापेक्षा बरी." येत्या १ तारखेपासून नियंत्रण कक्षातील उरलेली एक माणसाची खुर्चीही काढण्यात येणार आहे, असे परिपत्रक आहे. त्यानंतर चार गुणांची वर्दी पाहून "थांब जरा" म्हणणारे कुणी असणार नाही.

१०. यापूर्वीच्या चारही अर्जांना उत्तर आले की जुन्या नोंदी अंतिम असून, त्या खोट्या असल्याचे न्यायालयात सिद्ध झाल्याखेरीज त्यांत बदल करता येत नाही. अर्जदाराने सात महिने बसून खऱ्या नोंदींची यादी केली: कोणाच्या घरी, कोणत्या साली, काय जळाले. चारशे एकतीस आठवल्या. उरलेल्या एकशे त्र्याऐंशी येत नाहीत, आणि आलेल्यांपैकीही रोज एखादी निसटू लागली आहे. धाकधूक आहे ती याचीच.

११. येथून पुढे 'अर्जदार' असे न लिहिता 'मी' लिहिते, कारण कबुली दुसऱ्याच्या तोंडून देता येत नाही. वर लिहिलेला विषय मी मागे घेते. माझी विनंती एवढीच आहे की सरकारी नोंदवहीत चौतीस वर्षे जाणूनबुजून खोट्या नोंदी केल्याबद्दल माझ्यावर गुन्हा दाखल करावा आणि खटला १ तारखेपूर्वी उभा करावा. मी एकही आरोप नाकारणार नाही. मला वकील नको. निवृत्तिवेतन बंद होईल, हे समजून आहे. मी दोषी ठरले तरच त्या नोंदी खोट्या ठरतील, आणि त्या खोट्या ठरल्या तरच प्रणालीला त्या विसराव्या लागतील. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला कोठडीत टाकणे आपणास अवघड वाटेल. कृपया वाटू देऊ नये.

१२. इतर संबंधितांविषयी: पथकप्रमुख साहेब सन १९९९ मध्ये वारले, त्यांच्यावर काही ठेवू नये, त्यांनी सांगितले पण लिहिले मी. भोंगा हयात आहे. धुराने फुप्फुसे गेली, अंथरुणावर आहे, आवाज उरलेला नाही, त्याने कबुलीवर सही केली आणि पाटीवर लिहून दाखवले, "दोघं एकाच गाडीतून जाऊ." धाकटी आज आपल्याच मुख्यालयात त्या प्रणालीची प्रमुख आहे. मी तिला भेटले. ती म्हणाली, "ताई, गाडलेली मढी उकरून काय मिळणार? माझी मुलं शिकताहेत अजून." तिचे नाव मी कबुलीत घातलेले नाही, फक्त एक ओळ कोरी सोडली आहे. घड्याळजींचे दुकान बंद आहे. त्यांची मुलगी परदेशातून आली, कुलूप लावून गेली. मी दुसऱ्या मजल्यावर आहे. माझा फोन मी काढून टाकला आहे. आपले लोक मला न्यायला येतील तेव्हा त्यांनी दार वाजवावे. मी जागी असेन.

आपली नम्र, आणि या प्रकरणातील पहिली आरोपी,
निवृत्त ऑपरेटर, मध्यवर्ती केंद्र
(स्वाक्षरी)
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) चारशे एकतीस खऱ्या नोंदींची यादी, स्वहस्ताक्षरात.
२) कबुलीजबाब, सह्या दोन, कोरी ओळ एक.
३) ९ मार्चच्या ध्वनिफितीची प्रत. कृपया पूर्ण ऐकावी.