नेत्राच्या डाव्या कोपराबाबत

मी, भागोजी रावजी नाटेकर, वय वर्षे ७३, धंदा अंग रगडण्याचा व मोडलं-मुरगळलं बघण्याचा (आता बंद), राहणार जयगड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची असून तिच्यावर कोणाचा बोजा नाही. माझ्यावर आहे, तो कलम चारमध्ये लिहिला आहे.

१. राहतं घर मुलगा दीपेश व सून शमिका यांना समाईक द्यावं. दोघांपैकी एकट्याने विकू नये. पुतण्या नितेशबरोबर हद्दीच्या दगडी गडग्यावरून जो वाद होता तो मिटला असं धरावं. दगड त्याने सरकवला होता, हे मात्र खरं.

२. मालिशचं फणसाचं बाकडं दीपेशला. काशाची वाटी शमिकेला, कारण हात तिचा चांगला आहे. तिच्यासाठी लिहितो: जाळी ओढून खलाशाची पाठ धरते तेव्हा कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे चालवायचे, कण्यावर कधीच नाही. मी नोकरीला होतो त्या मुंबईच्या हॉटेलात आम्हाला शिकवलेली स्वीडिश मालिश म्हणजे लांब, सावकाश हात, पायाकडून काळजाकडे. थकल्या अंगाला ती पुरे. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्यावा, रगडू नये. झोप न येणाऱ्याच्या तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवावी. यातल्या कशानेही रोग बरा होतो असं गिऱ्हाईकाला सांगू नये. दुखणं हलकं होतं, झोप लागते, माणसाला कुणीतरी मायेने हात लावलेला असतो. एवढं थोडं नाही. सुजलेल्या, गरम लागणाऱ्या जागेला मात्र हात लावायचा नाही.

३. बँकेतली ठेव माझ्या दिवसकार्याला वापरावी. उरेल ती दीपेशची.

४. कातळावरचा आंब्याच्या सहा कलमांचा तुकडा, वाटेच्या हक्कासह, आमचे शेजारी कै. बाबल्या तांडेल यांची मुलगी नेत्रा हिला द्यावा. ही भरपाई नव्हे. हाताची भरपाई होत नाही. कारण लिहितो.

सन १९९७च्या मे महिन्यात नेत्रा होडीच्या फळीवरून पडली. वय नऊ. डावं कोपर सुजलं. बाबल्याने तिला उचलून माझ्याकडे आणलं. मी तेव्हा मुंबईहून परत येऊन पाच वर्षं झाली होती आणि गावात माझ्या हाताचं फार कौतुक होतं. तिची आई गोदूबाई म्हणाली, "भावजी, रत्नागिरीला नेऊन हाडाचा फोटो काढून बघूया काय?"

मी म्हणालो, "माझ्यावर भरवसा नसेल तर खुशाल जा."

बाबल्या तिच्यावर ओरडला.

एकवीस दिवस मी ते कोपर तेल लावून चोळलं. वर पट्टी बांधायचो आणि ती सोडू नका असं गोदूबाईला बजावायचो. पोर ओरडायची. मी सांगायचो, रडली की शीर मोकळी होते. बाराव्या दिवशी बोटांखाली काहीतरी करकरलं. सुजेला हात लावू नये हे मला हॉटेलातच शिकवलं होतं. ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर हा कागदही खोटा होईल. मला ठाऊक होतं आणि मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर गोदूबाई खरी ठरली असती.

हात अर्ध्यातच आखडला. तोंडापर्यंत पोचेना. तिला आजही स्वतःची वेणी घालता येत नाही. तिचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं. अंगणवाडीत ती पोरांना एका हाताने उचलते, ते मी रोज माझ्या ओट्यावरून बघतो.

याहून वाईट पुढे आहे. लोक विचारू लागले तेव्हा मी मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर, दहा माणसांत म्हणालो, "मी काय करणार? आईनेच पट्टी सोडली." बाबल्याने ते खरं मानलं. वर्षभर तो बायकोशी बोलला नाही. पुढे बोलू लागला, पण पोरीच्या हाताचा विषय निघाला की उठून जायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेही तसंच मानून.

दोन वर्षांपूर्वी माझा खांदा धरला म्हणून रत्नागिरीला व्यायाम करून घ्यायला जात होतो. तिथली डॉक्टर पोरगी एका बाईला सांगत होती, "कोपर चोळू नका हं. चोळलं की आत हाड धरतं, हात कायमचा आखडतो." मी शेजारच्या खाटेवर होतो. मान वर करता आली नाही.

५. दीपेशच्या गणपतीपुळ्याच्या मालिश केंद्रात 'पिढीजात हाडवैद्य' असं लिहून माझा फोटो लावला आहे. तो काढावा. दीपेश म्हणतो, "बाबा, लोक तुमच्या नावावर येतात." म्हणूनच काढावा. मोडलेलं, सुजलेलं कोणी घेऊन आलं तर त्याला गाडीत बसवून दवाखान्यात पाठवावं.

६. हा मसुदा मी गोदूबाईला वाचून दाखवला. ती मासळी साफ करत होती. म्हणाली, "पट्टी सोडली नव्हती हे मला कुणी सांगायला हवं काय, भावजी? ज्यांना सांगायचं होतं ते गेले."

मी म्हणालो, माझ्या मागे सगळ्यांना कळेल.

"तुमच्या मागे. म्हणजे तुम्हाला तोंड दाखवायचं नाय." मग हात न थांबवता म्हणाली, "ओट्यावर बोलला होतात. ओट्यावरच वाचा."

म्हणून येत्या रविवारी, मासळीचा लिलाव आटोपल्यावर, हे मृत्युपत्र मी जिवंतपणी सोसायटीच्या ओट्यावर वाचणार आहे. मला भीती वाटते. अशा कागदात हे लिहायची रीत नाही, तरी लिहितो.

यापूर्वी केलेलं कोणतंही मृत्युपत्र नाही. खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

स्थळ: जयगड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही) भागोजी रावजी नाटेकर

साक्षीदार:
१. (सही) शुभंकर यशवंत सुर्वे, निवृत्त पोस्टमास्तर
२. (सही) विनीत सखाराम भाटकर, नौकामालक

नोंद: रविवार, दि. १६ रोजी भागोजींनी वरील कागद ओट्यावर उभं राहून वाचला. कलम चारमध्ये बाराव्या दिवसापाशी ते थांबले. नेत्रा मागच्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "पुढे वाचा." त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.
— शुभंकर सुर्वे