मोसमापुरती उसनी

बंगळूर,
९ जानेवारी २०२५

ती. कमळआत्यास,
हेमालीचा कृ. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि विपुलच्या फोनवर मेसेज पाठवला तर माझा हा भाऊ तो आधी अख्ख्या आळीला वाचून दाखवतो. म्हणून पत्र.

बातमी अशी. आमच्या क्लबने मला मोसम संपेपर्यंत कोळिकोडच्या एका क्लबला लोनवर द्यायचं ठरवलं आहे. मला काढलेलं नाही. करार इथलाच राहतो. मेअखेरपर्यंत फुटबॉल खेळायचा त्यांच्याकडून, त्यांच्या जर्सीत. जून लागला की परत. नियम सरळ आहे, अर्थ मात्र लागत नाही. कोच म्हणाल्या, तुझ्या भल्यासाठी आहे, इथे बाकावर बसून गंजशील. मॅनेजर म्हणाले, डाव्या बाजूला खेळणाऱ्या तिघी झाल्यात. फिजिओने अभिनंदन केलं. माझ्या खोलीत राहणारी केसर काहीच न बोलता माझ्यासाठी चहा घेऊन आली. मला वाटतं, तीच खरं बोलली.

दुसरीकडे, आगरदांड्याच्या बर्फाच्या कारखान्यात विनेशशेठनी कॉम्प्रेसरवरची जागा माझ्यासाठी ठेवली आहे. डिप्लोमा त्याच कामाचा. मेपर्यंत थांबतो म्हणालेत. यंत्र बिघडलं तर का बिघडलं ते शोधता येतं. इथे शोधायचं कुठे, तेच कळत नाही.

सोमवारी सही आहे. करीन बहुतेक. बाबाला तू सांग, आणि तो काय म्हणाला ते जसंच्या तसं कळव. मऊ करू नकोस.

तुझा लोभ आहेच, तो याही मोसमात असू दे.
तुझी,
हेमाली


मुरुड,
१८ जानेवारी २०२५

चि. हेमाली हिस,
कमळआत्याचे अनेक आशीर्वाद.

जसंच्या तसं कळव म्हणालीस, तर ऐक. दादाला मी सांगितलं, पोरीला क्लबानं उसनी दिली हाय. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. माझी पोर काय टोप हाय का, शेजारणीनं मागितला नि दिला, असं म्हणून ताटावरून उठला. तेवढ्यात शेजारची नीराबाई आली. विपुलने तिला कधीच सांगितलेलं. तिने मला विचारलं, परत देताना घासून देणार ना गो? बाजारात त्या दिवशी मी तिला मासळी विकलीच नाही.

पण खरं सांगू, मलाही कोडं पडलंय. रोजच्या कामाचा टोप आपण कुणाला देत नाही, कारण संध्याकाळी तोच लागतो. गळका टोपही देत नाही, दुसऱ्याच्या चुलीवर आपलीच लाज जाते. मग तू यातली कुठली? रागावू नकोस पोरी. मला फुटबॉल समजत न्हाय, टोप समजतात.

तुला आठवतं का? तू तिसरीत असताना आपल्या होडीचं इंजिन दुरुस्तीला खोललं होतं. तेव्हा तुझा बाबा एक मोसम येसाजी तांडेलाच्या होडीवर गेला होता. त्याबद्दल तो आजवर एक अक्षर बोललेला नाही. परवा विचारलं, तर उठून जाळ्याकडे गेला.

आणि हे तुझे दोन क्लब समोरासमोर आले तर तू कुणाकडून?

तिकडे मासे खोबरेलात करतात म्हणे. पोटाला जप. आठवण काढत जा, खुशाली कळवत जा.
तुझी,
आत्या


कोळिकोड,
२० फेब्रुवारी २०२५

ती. कमळआत्यास,
सा. न. वि. वि.

सही केली, इथे आले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कुणाकडूनच नाही. लोनवरच्या मुलीने मूळ क्लबाविरुद्ध उतरायचं नाही, असं करारात आहे. तो सामना एप्रिलअखेरीस, लीगमधला शेवटचा; मी प्रेक्षकांत बसेन.

हा संघ तळाशी आहे. शेवटचा आला तर पुढच्या वर्षी लीगबाहेर. मला डावीकडून उचलून बचावफळीच्या मध्ये घातलं आहे. चौघींनी एका रेषेत राहायचं, पुढे सरकायचं तर एकदम. एक जरी रेंगाळली तरी समोरची मोकळी सुटते. ओरडायचं काम माझं. मल्याळम मला येत नाही, हिंदी त्यांना जेमतेम. धावताना तोंडातून निघतं ते मराठी. मागं. सोड. वर. आता मी मागं म्हटलं की बाकी तिघी माझ्याबरोबर मागे येतात. गोलकीपरही तेच ओरडायला लागली आहे.

खोबरेलाचा वास आठवड्यात जाणवेनासा झाला. हे नीराबाईला सांगू नकोस.

बाकी काही सुधरत नाही. सामना झाला की मी आधी बंगळूरचा निकाल बघते. ते जिंकले की बरं वाटतं. माझ्या जागेवरची चांगली खेळली असं वाचलं की वाटत नाही. इथे आम्ही जिंकलो तर टाळ्या वाजवते, पण ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत असं वाटतं. रिक्षावाल्याने विचारलं, कुठल्या क्लबची? मी म्हणाले, मुरुडची.

टोपाचं म्हणशील तर गळका नाही, एवढं तपासलं आहे.

बाबाला एक विचार. येसाजीकाकांच्या होडीवर असताना किनाऱ्याकडे येताना तो कुठे बघायचा?

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
हेमाली


मुरुड,
१७ मार्च २०२५

चि. हेमाली हिस,
अनेक आशीर्वाद.

शिमग्याला होडी सजवताना दादा आपणहून बोलला. पहिले काही दिवस तो वाळूवर ओढून ठेवलेल्या आपल्या होडीकडेच बघत यायचा. मग एकदा पापलेट भरपूर मिळालं. लांबून बावटा ओळखून येसाजीची येसूबाई आणि तिच्या सुना हात हलवायला लागल्या, आणि याचा हात आपसूक वर गेला. मग त्याला दिसलं की तिथेच बाजूला तू नि मी उभ्या आहोत. लेकीसमोर दुसऱ्याच्या घराला हात केला, हे त्याच्या मनातून गेलं नाही. सोळा वर्षं, गो! आणि मी समजत होते, येसाजीशी भांडण झालं असेल.

बर्फाच्या कारखान्याचं तुझं तू ठरव म्हणतो. मी एवढंच सांगते. उसनं भांडं आपण कधी रिकामं परत करत नाही. दोन सुके बोंबील, चिमूटभर मीठ, काहीतरी आत असतंच. तू परत जाशील तेव्हा काय घेऊन जाशील, ते बघ.

जेवत जा. आमच्यावर जीव असू दे.
तुझी,
आत्या


कोळिकोड,
२ मे २०२५

ती. कमळआत्यास,
सा. न. वि. वि.

सामना परवा झाला. मी साध्या कपड्यांत वर बसले होते. बंगळूरने आधी गोल केला. माझ्या शेजारची माणसं गप्प झाली, मीही झाले, पण त्यांच्याइतकी सरळपणे नाही. दुसऱ्या अर्ध्यात बंगळूरचा हल्ला आला आणि गोलकीपर ओरडली, मागं! चौघी एका रेषेत मागे आल्या. बंगळूरच्या कोच बाकावरून उठल्या आणि मान वळवून प्रेक्षकांत मला शोधायला लागल्या.

शेवटी बरोबरी झाली. त्या एका गुणावर हा संघ लीगमध्ये राहिला.

नंतर त्यांनी विचारलं, तू धावताना ओरडायचीस तो शब्द कुठला? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, जूनमध्ये ये. मधली जागा देणार की पुन्हा बाक, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विनेशशेठना आज फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. भांडं रिकामं नाही, एवढंच कळतं.

आता बाबासाठी. बरोबरीचा गोल झाला तेव्हा मी उभी होते आणि माझा हात वर होता. कधी गेला, कळलं नाही. समोर बंगळूरच्या बाकावर केसर बसली होती. तिने पाहिलं.

आणि त्याला हेही सांग, की त्या पापलेटच्या दिवशी वाळूवरून मीही त्याला पाहिलं होतं. मला वाटलं, तो मलाच हात करतोय. मीही केला होता.

तुम्हा दोघांचा लोभ जूनमध्ये बंगळूरला जाताना न्यायला येते.
तुझी,
हेमाली