काजळात उमटलेली पाच बोटं

३ एप्रिल
चौदा नळ्या, चौदा कोरे कागद. तिसरा आठवडा. आत खाऊ ठेवला, मधोमध शाई ओतली, दोन्ही टोकांना कागद अंथरला; इतकं आयतं मांडून ठेवलं तरी झाऊमुशाला त्यावरून चालावंसं वाटत नाही. (पुढे नुसतं झा.मू., एवढं लांब रोज कोण लिहिणार.) मुठीएवढा काटेरी गोळा. आपल्याकडे लोक साळिंदराचं पिल्लू म्हणून मोकळे होतात.
महिनाअखेर पाहणीचा तक्ता दिल्लीला सरांकडे जायचाय. उत्तर भारतातले छोटे सस्तन प्राणी, कोण तगलंय, कोण संपलंय. जयपूर माझ्याकडे. ‘आढळला नाही’ लिहिलं की हा इथल्या नकाशातून पुसला जाणार, मग त्याच्या जागेचं कोणी काही केलं तरी विचारायला कोण येतंय?
सर फोनवर : “मृणाल, कोरा कागद हासुद्धा पुरावा असतो.” असेल. मला नाही आवडत तो पुरावा.

६ एप्रिल
सांगानेरला. नळ्यांसाठी हातकागद घेतला, शाई छान पितो. शेजारी रामस्वरूपजींचा कापडछपाईचा कारखाना. झा.मू.चं विचारलं तर हसत सुटले. “मैडम, आपके कागज़ पे नहीं चलता होगा. हमारे तो थान पे चलता है, नालायक!”
आतून कापडाचा एक वाया गेलेला थान आणला. पांढऱ्यावर गुलाबी बुट्ट्या आणि मधूनच तिरपी चाललेली पावलं. जमिनीवर ठेवलेल्या रंगाच्या ट्रेमधून गेला आणि तसाच कपड्यावरून. पुढच्या पायाला पाच बोटं. उंदराला पुढे चारच असतात. पाच! मी तीनदा मोजली.
चौथ्यांदा मोजायला वाकले. रामस्वरूपजींनी खुर्ची दिली.

७ एप्रिल
सर : “कापड कुणीही आणून दाखवेल. पद्धतीप्रमाणे मिळालेला ठसा हवा.” बरोबर आहे, म्हणून जास्त राग आला. फोन ठेवून कणीक इतकी तिंबली की श्री म्हणाला, आज पोळ्या फार मऊ झाल्यात.

११ एप्रिल
सहा नळ्या रामस्वरूपजींच्या भिंतीलगत, त्या ट्रेपासून दहा पावलांवर. चार दिवस. सहाही कोऱ्या. आणि त्याच चार दिवसांत त्यांचा आणखी एक थान वाया गेला!
म्हणजे तो येतो, फिरतो, सगळं करतो, फक्त माझ्याकडे फिरकत नाही. श्री म्हणे, “तुझ्यावर रुसलाय.” बँकेतल्या माणसाने बँकेपुरते विनोद करावेत.
पण आतला खाऊ मात्र रोज संपतो. मुंग्या? की...

१२ एप्रिल
गाढव आहे मी. शुद्ध गाढव.
दुपारी चारला शाई ओतून बस धरायला निघाले होते, तर बस चुकली. पाचला परत आले, सहज बोट लावलं. शाई कोरडी ठणठणीत! वर पापुद्रा, बोटाला डागसुद्धा नाही. आणि झा.मू. निघतो अंधार पडल्यावर. सकाळी शाई वाळलेली दिसायची, मला वाटायचं रात्रीत वाळली. चार आठवडे तो बिचारा माझ्या नळ्यांतून जेवून जातोय आणि मी त्याला संपलेला ठरवतेय.
शाई सरांच्या माहितीपत्रकातली. ते बेतलंय कुठल्यातरी थंड देशावरून. इथला उन्हाळा त्या कागदाला काय माहीत.
रामस्वरूपजी दुपारभर ट्रेवर ओलं पोतं टाकतात, हे मी रोज बघत होते. का, ते विचारलं कधी नाही. रंग वाळू नये म्हणून! आज विचारलं, “मग मी काय वापरू?” ते म्हणाले, “आँख का काजल कभी सूखा है, मैडम?”

१३ एप्रिल
सांगलीला आईला फोन. काजळ कसं धरायचं?
“कुणाचं बाळ आलंय गं घरात?”
“बाळ नाही आई, प्राणी आहे. त्याच्या पायांना.”
मग म्हणाली, “एरंडेलात खल. तुपात नको, चाटून टाकील.” आणि लगेच, “श्रीकांतराव बरे आहेत ना?”
दिवसभर दिवा, वर तांब्याचं ताट. तिलक नगरातलं आमचं स्वयंपाकघर आता सुतकात असल्यासारखं दिसतंय. श्रीचा ऑफिसचा शर्ट गेला. दुसरा घालून गेला. चांगला माणूस आहे.

१५ एप्रिल
सकाळी सहा. पहिली नळी : पाच बोटं. दुसरी : पाच. चौथीत मोठी पावलं आणि शेजारून अगदी लहान, बोटाच्या पेराएवढी. पिल्लू! पिल्लू आहे!!
तिथेच फतकल मारून रडले. रामस्वरूपजींनी अख्ख्या कारखान्याला कागद दाखवला, जणू त्यांच्याच घरी बारसं आहे. मलाही तसंच वाटत होतं. दहा वर्षं श्रीच्या बदल्यांमागे फिरताना जे मिळेल ते कंत्राटी काम केलं. हे पहिलं, जे मी शोधलं.

१९ एप्रिल
पूर्वीच्या चौदाही जागी काजळ. नऊ कागद बोलले!

२१ एप्रिल
सरांना सगळं पाठवलं. वाळलेल्या शाईचं तर ठळक लिहिलं.

२४ एप्रिल
सरांचा फोन. आधी जयपूरच्या कागदांचं भरभरून कौतुक. मग :
“मृणाल, हरियाणा, पंजाब, बिकानेर... सगळीकडे तीच शाई होती.”
“हो सर.”
“पत्रक माझं होतं.”
सरांनी जयपूरपुढे ‘आढळतो’ लिहायला सांगितलं. बाकी उत्तरेचा रकाना मोकळा ठेवायचा. हिसारजवळच्या ज्या माळावर त्यांनी आयुष्यातलं पहिलं ‘आढळला नाही’ लिहिलं, तिथे आता स्वतः जाणार म्हणे. गुडघ्यांना पट्टे बांधून. “काजळ कसं करतात, सांगशील?”
सांगितलं नाही. दुपारी बसून एक डबी भरली आणि कुरियरने पाठवली. वर चिठ्ठी चिकटवली : उन्हात ठेवली तरी चालेल.